विश्लेषण : काम एक, पगार दोन... कायम आणि कंत्राटी परिचारिकांमध्ये धुसफूस का होते?

बोरीवलीच्या भगवती रुग्णालयाचा विषय निघाला की चर्चा होते ती नव्या इमारतीची, खाटांची आणि यंत्रांची. पण त्या खाटांशेजारी तिन्ही पाळ्यांत उभ्या राहणाऱ्या परिचारिका कायम सेवेतल्या असतील की ठरावीक मुदतीच्या करारावरच्या, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सार्वजनिक रुग्णालयांत आज या दोन्ही प्रकारच्या परिचारिका एकाच वॉर्डात काम करतात. काम तेच, पण पगार, रजा आणि नोकरीची हमी वेगळी. त्यातून निर्माण होणारी धुसफूस नेमकी कशामुळे आहे आणि रुग्णाला त्याचा काय फरक पडतो, याचा आढावा.

प्रश्न बोरीवलीकरांच्या जवळचा का?

बोरीवली पश्चिमेला मंडपेश्वर रस्त्यावर असलेले महापालिकेचे हरिलाल भगवती रुग्णालय हा दहिसर ते कांदिवली पट्ट्यातील सामान्य कुटुंबांचा अनेक वर्षांचा आधार. पुनर्विकासाचे काम सुरू झाल्यावर येथील अनेक रुग्णांना कांदिवलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘शताब्दी’त, धाव घ्यावी लागली. भगवती रुग्णालय खासगी सहभागातून चालवण्याच्या हालचालींना २०२५ मध्ये स्थानिक पातळीवर विरोधही झाला. त्या विरोधात उपचार महागतील ही भीती होती, तशीच रुग्णालयातील मनुष्यबळ कोणाचे असेल ही शंकाही होती. इमारत एकदाच उभी करावी लागते. परिचारिका मात्र वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास लागतात. त्यामुळे खर्चात कपात करायची म्हटले की पहिली नजर मनुष्यबळाकडे जाते.

‘ट्रॅव्हल नर्स’ म्हणजे काय आणि आपल्याकडे तशी कोण?

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ हा स्वतंत्र पेशाच आहे. एजन्सीमार्फत एखाद्या शहरातील रुग्णालयात साधारण १३ आठवड्यांच्या करारावर जायचे, मुदत संपली की दुसरीकडे. काही जणींचे करार वाढत जातात आणि त्या एकाच ठिकाणी वर्ष-दोन वर्षे राहतात. करोनाच्या काळात तेथे या परिचारिकांचे दर प्रचंड वाढले. शेजारी उभ्या असलेल्या, त्याच रुग्णालयात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या कायम परिचारिकेपेक्षा नव्याने आलेलीला कितीतरी अधिक पैसे मिळू लागले आणि नाराजी उफाळली.

मुंबईत चित्र उलटे आहे. येथे बाहेरून आलेली, कराराची परिचारिका कमी पैशांत काम करते. ११ महिन्यांचा किंवा त्याहून कमी मुदतीचा करार, ठोक मानधन, मग एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड आणि पुन्हा नवा करार, अशी ही साखळी असते. कागदावर नोकरी ‘तात्पुरती’, प्रत्यक्षात काही जणी आठ-दहा वर्षे त्याच कामावर. नाराजी मात्र दोन्हीकडे सारखीच. अमेरिकेतील कायम परिचारिकेला वाटते, ‘तिला जास्त का?’ मुंबईतील कंत्राटी परिचारिकेला वाटते, ‘मला कमी का?’ आणि मुंबईतील कायम परिचारिकेला वाटते, ‘स्वस्तात मिळते म्हटल्यावर माझ्या जागी पुढे कायम कोणी येईल का?’

करोनाकाळात काय घडले?

मुंबईने खऱ्या अर्थाने ‘प्रवासी’ परिचारिका पाहिल्या त्या २०२० मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात राज्याच्या वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाने केरळच्या आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांना पत्र लिहून ५० डॉक्टर आणि १०० परिचारिकांची मदत मागितली. परिचारिकांना दरमहा ३० हजार रुपये देण्याची तयारी त्या पत्रात होती. तिरुवनंतपुरमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. संतोष कुमार यांच्या नेतृत्वाखाली केरळचे पथक अंधेरीतील सेव्हन हिल्स रुग्णालयात दाखल झाले.

त्याच वर्षी ७ जुलैला दहिसरसह मुंबईतील अन्य जम्बो करोना केंद्रांचे उद्घाटन झाले. पालिकेच्या कायम परिचारिका आपापल्या रुग्णालयांत आधीच अडकलेल्या असल्याने या तात्पुरत्या केंद्रांचा मोठा भार करारावर घेतलेल्या कर्मचाऱ्यांनी उचलला. पुढे साथ ओसरली, केंद्रे बंद झाली आणि करारही संपले. त्या काळात ‘योद्धा’ म्हणून गौरवलेल्या अनेकींच्या हातात अनुभवाच्या प्रमाणपत्रापलीकडे काही उरले नाही. आणीबाणीच्या काळात बाहेरून मनुष्यबळ आणणे यात गैर काहीच नव्हते. वाद सुरू होतो तो आणीबाणी संपल्यावरही हीच पद्धत रोजच्या कारभारात मुरते तेव्हा.

पगारात नेमका किती फरक?

राज्य शासनाच्या सेवेतील परिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. अगदी नव्याने रुजू झालेलीचे मूळ वेतन ३५,४०० धरले आणि त्यावर जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता, म्हणजे १९,४७० रुपये मिळवले, तर रक्कम ५४,८७० रुपये होते. घरभाडे भत्ता आणि इतर लाभ वेगळे. दुसरीकडे राष्ट्रीय आरोग्य अभियानातील स्टाफ नर्सच्या जाहिरातींत दरमहा २० हजार रुपये ठोक मानधन दिसते.

दोघींचे शिक्षण सारखेच, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग. दोघींची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडेच. सलाइन लावणे, इंजेक्शन, रक्तदाबाच्या नोंदी, डॉक्टरांसोबतचा राउंड, पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला ‘ओव्हर’ देणे, यात कुठलाही फरक नाही. विरार किंवा नालासोपाऱ्याहून त्याच लोकलने येणाऱ्या दोन परिचारिका एकाच वॉर्डात एकच काम करतात आणि महिनाअखेरीस एकीच्या खात्यात दुसरीच्या निम्म्याहूनही कमी रक्कम जमा होते.

वॉर्डात ठिणगी कुठे पडते?

याचे उत्तर ड्युटी लिस्टमध्ये आहे. त्यासाठी एक साधे गणित पाहू.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका आणि त्यावर ३० टक्के रजा-राखीव मनुष्यबळ हवे. अध्यापन रुग्णालयात हे प्रमाण तीन खाटांमागे एक आहे. ३० खाटांचा वॉर्ड घेतला तर सहा परिचारिका आणि राखीव धरून सुमारे आठ. तीन पाळ्यांत प्रत्येकी दोघी, म्हणजे दिवसाला सहा आणि आठवड्याला ४२ ड्युट्या भरायच्या. साप्ताहिक सुट्टी वजा जाता प्रत्येक परिचारिका आठवड्याला सहा ड्युट्या करते. आठ जणी असतील तर ४८ ड्युट्या उपलब्ध होतात. गरज ४२ ची. उरलेल्या सहा ड्युट्यांतून आजारपण, रजा, प्रशिक्षण भागते.

आता समजा, आठपैकी तीन पदे रिक्त आहेत. पाच जणींच्या ३० ड्युट्या होतात, १२ कमी पडतात. प्रशासन दोन कंत्राटी परिचारिका घेते. दोघींच्या १२ ड्युट्या. बेरीज बरोबर ४२. कागदावर वॉर्ड ‘पूर्ण’ झाला. पण रजेसाठी राखीव असलेल्या त्या सहा ड्युट्या गायब झाल्या. म्हणजे सातपैकी कोणीही एक दिवस आली नाही, तर कोणत्या तरी पाळीत ३० रुग्णांना एकच परिचारिका उरणार किंवा कोणाला तरी सलग दुसरी पाळी करावी लागणार.

खटके उडतात ते इथे. कायम परिचारिकेला अर्जित रजा, बालसंगोपन रजा मिळते. ती तिचा हक्क आहे. पण ती रजेवर गेली की तिची नाइट कंत्राटी परिचारिकेच्या नावावर चढते. कंत्राटी परिचारिका आजारी पडली तर तिचे मानधन कापले जाते आणि इनचार्ज सिस्टर कायम परिचारिकेची मंजूर झालेली सुट्टी रद्द करते. दिवाळी, गणपती, मुलांच्या परीक्षा आल्या की हा ताण वाढतो. एकीला वाटते, ‘आमच्यावरच सगळ्या नाइट टाकतात.’ दुसरीला वाटते, ‘या करार सोडून कधी जातील याचा नेम नाही, शिकवायचे मात्र आम्हीच.’

जबाबदारीवरूनही वाद होतात. नियंत्रित औषधांच्या कपाटाची किल्ली, साहित्याचा साठा, चादरींची मोजणी यांच्या नोंदींवर सही बहुधा कायम परिचारिकेची असते. काही हरवले तर चौकशी तिची होते. उलट कंत्राटी परिचारिकेच्या हातून चूक झाली तर चौकशीची पायरीही येत नाही, पुढचा करारच होत नाही. या भीतीमुळे चूक सांगण्याऐवजी लपवण्याकडे कल वाढू शकतो आणि ते रुग्णासाठी अधिक धोक्याचे.

हा संघर्ष दोन स्वभावांचा वाटतो. प्रत्यक्षात दोघी भांडत असतात त्या न भरलेल्या तिसऱ्या पदावरून. वरच्या उदाहरणात तीन कायम परिचारिकांवर महागाई भत्त्यासह दरमहा १,६४,६१० रुपये खर्च झाले असते. दोन कंत्राटी परिचारिकांवर ४० हजार होतात. वॉर्डमागे सव्वा लाखाच्या आसपासची ही बचत. एकीने कमी मानधनातून आणि दुसरीने रद्द झालेल्या रजांतून तिची किंमत मोजलेली असते.

परिचारिका संघटनांचा विरोध कशाला?

मे २०२२ मध्ये वैद्यकीय शिक्षण विभागातील परिचारिकांची भरती बाह्यस्रोतांद्वारे करण्याच्या निर्णयाविरोधात महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने आंदोलन छेडले. २३ मेपासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेले आंदोलन २८ मेपासून बेमुदत संपात गेले. राज्यभरातील सुमारे १५ हजार परिचारिका त्यात उतरल्याचे तेव्हा सांगण्यात आले होते. बाहेरच्या एजन्सीमार्फत आलेल्या परिचारिकांना पुरेसा मोबदला मिळणार नाही आणि त्यांचे शोषण होईल, हा संघटनेचा मुख्य मुद्दा होता. म्हणजे विरोध कंत्राटी परिचारिकेला नव्हता, कंत्राटाला होता. जुलै २०२५ मध्ये पुन्हा राज्यव्यापी आंदोलन झाले, तेव्हाही कंत्राटी भरतीऐवजी कायम पदे भरण्याची मागणी पुढे आली.

सर्वच विभागांतील पदे नऊ एजन्सींमार्फत भरण्याचा ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णयही विरोधानंतर त्याच वर्षी २० ऑक्टोबरला रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. पण एक शासन निर्णय मागे घेतला म्हणून आधीचे करार संपत नाहीत आणि रिक्त पदेही भरली जात नाहीत.

कंत्राटी कर्मचाऱ्यांचा लढा मात्र वेगळ्या दिशेचा आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील दहा वर्षे सेवा झालेल्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याबाबत १४ मार्च २०२४ रोजी शासन निर्णय निघाला. त्याची अंमलबजावणी होत नसल्याने १९ ऑगस्ट २०२५ पासून या कर्मचाऱ्यांनी राज्यभर काम बंद केले. येथे हितसंबंधांची टक्कर होते. समायोजन झाले तर ज्येष्ठता कुठून धरायची? स्पर्धा परीक्षा देऊन, आरक्षणाच्या बिंदुनामावलीनुसार आलेल्या परिचारिकेच्या पदोन्नतीचे काय? आणि नोंदणी करून भरतीच्या जाहिरातीची वाट पाहणाऱ्या नव्या मुलींचे काय? ‘सर्वांना कायम करा’ ही घोषणा सोपी आहे, पण हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय एका गटाचा न्याय दुसऱ्याला अन्याय वाटू शकतो.

न्यायालयांचे म्हणणे काय?

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका गेल्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने बदलत गेलेली दिसते. १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालाने केवळ अनेक वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे स्पष्ट केले. मागच्या दाराने होणारी भरती रोखणे हा त्यामागचा हेतू होता. मात्र मंजूर पदांवर दहा वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांसाठी एकदाच सामावून घेण्याची वाटही त्याच निकालात होती.

२६ ऑक्टोबर २०१६ च्या जगजितसिंग निकालात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही ‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व लागू होते, असे न्यायालयाने म्हटले. २० डिसेंबर २०२४ चा ‘जग्गो विरुद्ध भारत सरकार’ निकाल आणखी पुढे गेला. कायमस्वरूपी गरजेचे काम वर्षानुवर्षे तात्पुरत्या नावाखाली करून घेणे आणि त्यासाठी उमादेवी निकालाची ढाल करणे न्यायालयाने अमान्य केले. १९ ऑगस्ट २०२५ च्या धरमसिंग निकालात आर्थिक अडचण हे प्रत्येक वेळी चालणारे कारण नाही, हेही बजावले.

मुंबई महापालिकेपुरते बोलायचे तर २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला होता. कचरा वाहतूक श्रमिक संघाने दिलेला तो लढा अनेक वर्षे चालला. एजन्सीमार्फत आलेल्या परिचारिकेपुढे असाच पहिला अडथळा असतो, तो म्हणजे खरा मालक कोण हे सिद्ध करण्याचा. कंत्राट केवळ दिखाव्याचे असल्याचे ठरले तरच तिचा दावा रुग्णालयावर टिकतो.

मातृत्व रजेबाबत मात्र चित्र बरेच स्पष्ट आहे. १७ ऑगस्ट २०२३ च्या डॉ. कविता यादव प्रकरणात, कराराची मुदत संपली म्हणून मातृत्व लाभ थांबवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तरुण परिचारिकांची संख्या मोठी असलेल्या या पेशात हा निकाल माहीत असणे महत्त्वाचे आहे.

खासगी रुग्णालयांत काय स्थिती?

सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी सूत्र सुचवले होते. २०० हून अधिक खाटा असतील तर राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन, १०० हून अधिक खाटांना त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांत किमान २० हजार रुपये. गंमत अशी की, छोट्या नर्सिंग होमसाठी २०१६ मध्ये सुचवलेली ही किमान रक्कम आणि सरकारी अभियानाच्या जाहिरातींतील मानधन एकच आहे.

रुग्णाला काय फरक पडतो?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे आढळले. त्यांच्याच गटाचा २००७ चा अभ्यास या वादाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. बाहेरून तात्पुरत्या परिचारिका घेणाऱ्या रुग्णालयांत दर्जा कमी दिसतो, पण त्यामागचे कारण या परिचारिकांची गुणवत्ता नसून तेथील मनुष्यबळाची टंचाई आणि कामाचे वातावरण आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या रुग्णालयात आधीच ओढाताण असते, तेच बाहेरून माणसे मागवते.

भगवती किंवा शताब्दीत आई-वडिलांना दाखल करणाऱ्या कुटुंबासाठी याचा अर्थ सरळ आहे. रात्री दोन वाजता सलाइन संपल्यावर येणारी सिस्टर कायम की कंत्राटी, याने फारसे बिघडत नाही. त्या रात्री वॉर्डात ती एकटी आहे की दोघी आहेत आणि ती सलग कितव्या पाळीला आहे, याने बिघडते.

तोडगा काय असू शकतो?

पहिला उपाय म्हणजे मंजूर पदे वेळेवर भरणे. निवृत्तीची तारीख अनेक वर्षे आधी माहीत असते. त्यामुळे किती पदे कधी रिक्त होणार, याचा हिशेब आधीच मांडता येतो आणि भरतीची प्रक्रिया त्याआधी सुरू करता येते.

दुसरा उपाय राखीव मनुष्यबळाचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रुग्णालयांची स्वतःची ‘बँक’ असते. गरजेनुसार ड्युटी घेण्यास तयार असलेल्या परिचारिकांची ती यादी. एजन्सीवरचा खर्च आवरण्यासाठी तेथे २०१५ मध्ये एजन्सीच्या दरांवर मर्यादाही घालण्यात आली. मुंबईत पश्चिम उपनगरांतील पालिका रुग्णालयांसाठी असे सामाईक राखीव पथक असेल, तर एका वॉर्डातील रजा शेजारणीच्या नाइटमधून वसूल करावी लागणार नाही.

तिसरा उपाय कंत्राट अटळ असेल तेव्हाचा. मूळ वेतनाइतके मानधन, साप्ताहिक सुट्टी, पगारी आजारपणाची रजा आणि रुजू होताना वॉर्डाची रीतसर ओळख, एवढे करारातच लिहिले तर वादाची बरीच कारणे कमी होतात. कायम आणि कंत्राटी दोघींच्या नाइट किती झाल्या, हे दाखवणारी ड्युटी लिस्ट भिंतीवर लावणे यासाठी तर खर्चही येत नाही.

भगवतीसारख्या रुग्णालयाचे भवितव्य ठरवताना नागरिक, नगरसेवक आणि प्रशासन खाटांचा आकडा विचारतीलच. त्याच्यासोबत आणखी तीन आकडे विचारायला हवेत : परिचारिकांची मंजूर पदे किती, त्यातली भरलेली किती आणि रजा-राखीव पदे किती. या तिसऱ्या आकड्यापुढे शून्य असेल, तर नव्या इमारतीतही ड्युटी लिस्टवरून होणारे जुनेच वाद सुरू राहतील.